महाबळेश्वरच्या जंगलापासून माणदेशाच्या माळापर्यंत : वन आणि भूआच्छादन नकाशांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत उपग्रहावरून बनवलेले जमिनीचे नकाशे जागेवर जाऊन पडताळण्याचं काम आम्ही करतो. कुठेही उभे राहिलो की कुणीतरी येतं, मोबाइलवरच्या नकाशावर बोट ठेवतं आणि विचारतं, ‘हे आमच्या गावात हिरवं कसं काय दाखवलंय?’ त्या प्रश्नांची ही उत्तरं.

भूआच्छादन नकाशा म्हणजे गुगलवर दिसतो तोच ना?

गुगलवर दिसतो तो बहुतेक वेळा नुसता फोटो. नकाशात त्या फोटोतल्या प्रत्येक चौकोनाला एक नाव चिकटवलेलं असतं : घनदाट वन, विरळ वन, झुडपी, गवताळ, पीक, पाणी, वस्ती, उघडा खडक. नाव दिलं की क्षेत्रफळ मोजता येतं आणि क्षेत्रफळ हाती आलं की त्यावर सरकारी निर्णय होतात. म्हणून नाव कोण देतं आणि कोणत्या कसोटीवर देतं, याला महत्त्व आहे.

इथे तीन गोष्टींची हमखास सरमिसळ होते. जमिनीवर काय आहे ते आच्छादन, माणूस तिचं काय करतो तो वापर, आणि कागदावर ती कुणाची आहे ती मालकी. गावाचं गायरान घ्या. आच्छादन गवताचं, वापर चराईचा आणि मालकी शासनाची. उपग्रहाला यातली फक्त पहिली गोष्ट दिसते. बाकीच्या दोन माणसांना विचाराव्या लागतात किंवा सातबाऱ्यात पाहाव्या लागतात.

हे नकाशे करतं कोण?

देशाच्या वनांचा नकाशा देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था करते. ती १९८१ साली स्थापन झाली आणि १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी तिचा अहवाल येतो. शेती, पडीक, पाणी, वस्ती अशा सगळ्याच जमिनीचे नकाशे हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र करतं. ते इस्रोचा भाग आहे. आपल्या राज्याचं सुदूर संवेदन केंद्र नागपुरात आहे. याखेरीज युरोपीय अंतराळ संस्थेचा ‘वर्ल्डकव्हर’ आणि गुगलचा ‘डायनॅमिक वर्ल्ड’ हे जगभराचे नकाशे आहेत. ते फुकट मिळतात, त्यामुळे कॉलेजच्या प्रकल्पांत सर्रास तेच दिसतात.

आकाशातून जंगल ओळखतात तरी कसं?

रंगावरून, पण आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगावरून नव्हे. जिवंत पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि त्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. उपग्रह दोन्ही मोजतो. दोहोंतला फरक जितका मोठा, तितकी हिरवळ दाट. वाळलेल्या गवतात हा फरक कमी असतो, उघड्या मुरमात जवळजवळ नसतोच, आणि पाणी तर अवरक्त प्रकाश गिळूनच टाकतं.

अडचण अशी की हिरवळ दाट आहे एवढंच यातून कळतं. ती हिरव्या चाफ्याची आहे, हिरड्याची आहे की शेतातल्या आल्याची, हे एका फोटोवरून सांगता येत नाही. त्यासाठी वर्षभरातले बरेच फोटो लागतात. फेब्रुवारीत कुणाची पानं गळाली, एप्रिलमध्ये कुणाला पालवी फुटली, नोव्हेंबरात काय कापलं गेलं, या क्रमावरून ओळख पटत जाते.

नकाशातला एक चौकोन केवढा असतो?

हे गुंठ्यातच सांगितलेलं बरं. वन सर्वेक्षण ज्या भारतीय उपग्रहाचे फोटो वापरतं, त्यातला एक चौकोन २३.५ मीटर बाजूचा, म्हणजे साधारण साडेपाच गुंठ्यांचा. अमेरिकेच्या लँडसॅटचा चौकोन ३० मीटरचा, जवळजवळ नऊ गुंठे. युरोपच्या सेंटिनेल-२ चा १० मीटरचा, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. देशाची शेती दरवर्षी ढोबळमानाने पाहायला वापरतात त्या ‘एविफ्स’ कॅमेऱ्याचा ५६ मीटरचा, साधारण एकतीस गुंठे.

आता आपल्याकडच्या वाटण्या आठवा. पाटण खोऱ्यातल्या डोंगरउतारावरच्या भातखाचरांत एकेका चौकोनात दोन भावांची खाचरं, मधला बांध, बांधावरचं ऐनाचं झाड आणि ओघळ एवढं सगळं मावतं. त्या सगळ्याला मिळून एकच नाव मिळतं.

वन सर्वेक्षणाच्या हिशेबात जंगल कशाला म्हणतात?

किमान एक हेक्टर जमीन आणि तिच्यावर झाडांच्या शेंड्यांची सावली दहा टक्क्यांहून जास्त. बस. जमीन कुणाची आहे, झाडं कसली आहेत, आपोआप उगवली की लावली, हे विचारलं जात नाही. आमराई, बांबूचं बेट, निलगिरीची लागवड, सगळं त्यात बसतं. सावली ७० टक्के किंवा अधिक असेल तर अतिघन, ४० ते ७० मध्ये मध्यम घन, १० ते ४० मध्ये विरळ वन. दहाच्या खाली ‘झुडपी’ आणि ते वनाच्या बेरजेत धरत नाहीत.

गणित करून पाहा. दहा मीटर पसाऱ्याचा आंबा साधारण ७८ चौरस मीटर सावली धरतो. हेक्टरभर रानात, म्हणजे अडीच एकरांत, असे तेरा आंबे असले की कसोटी पार झाली. ही व्याख्या चुकीची आहे असं नाही. देशभरातली झाडं सारख्या मापाने मोजायची तर काहीतरी रेघ ओढावीच लागते. फक्त ‘वनाच्छादन वाढलं’ अशी बातमी वाचताना त्यात आमराईही आहे, हे ध्यानात ठेवावं.

मग देशात जंगल आहे किती?

२०२३ च्या अहवालानुसार (तो डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला) वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, देशाच्या २१.७६ टक्के. एक हेक्टरहून लहान तुकड्यांतली आणि विखुरलेली झाडं वेगळी मोजतात. ती १,१२,०१४ चौरस किलोमीटर. दोन्ही मिळून २५.१७ टक्के. महाराष्ट्राचं वनाच्छादन २०२१ च्या अहवालात ५०,७९८ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या १६.५१ टक्के होतं.

या आकड्यांच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवायला हवा. कागदोपत्री वन म्हणून नोंदलेली जमीन देशात सुमारे ७ लाख ७५ हजार चौरस किलोमीटर आहे. तिच्यापैकी सुमारे ५ लाख २० हजारांवरच दहा टक्क्यांहून जास्त सावली आहे. उरलेली अडीच लाख कुठे गेली, असं लोक चिडून विचारतात. काही ठिकाणी तोड झाली, अतिक्रमण झालं, हे खरंच. पण बर्फ, खडक, पाणी आणि गवताळ माळ या जमिनीही वनखात्याच्या नावावर आहेत. माण-खटावमध्ये वनखात्याच्या कित्येक गटांवर कधीकाळी दाट झाडी होती, असं मानायला काही आधार नाही.

उसाला जंगल समजतात, हे खरं आहे का?

काही वेळा, हो. वन सर्वेक्षण आपल्या अहवालांत मर्यादा सांगतानाच लिहितं, की जंगलाला लागून असलेल्या उसासारख्या पिकाची छटा जंगलात मिसळून जाते. त्यात वेळही नेमकी आडवी येते. पानगळीच्या झाडांवर पानं असावीत आणि आकाशही निरभ्र असावं, म्हणून फोटो ऑक्टोबर ते डिसेंबरचे घेतात. तेव्हा जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस वाळवा-पलूसच्या नदीकाठच्या मळीत सव्वा वर्षाचा होऊन तोडीची वाट पाहत उभा असतो. वारणाकाठी शिराळ्याच्या वरच्या अंगाला तर ऊस संपतो तिथे झाडीच सुरू होते. एकाच दिवसाच्या फोटोत दोघांची हद्द काढणं डोळ्यांनाही जड जातं.

यावर उपाय आहे. त्या चौकोनाचे वर्षभराचे आकडे एका ओळीत मांडायचे. तोड झाली की उसाची हिरवळ एका आठवड्यात तळाला जाते, खोडव्याला फुटवे आले की हळूहळू वर चढते. झाडांचं असं कधी होत नाही. ऊसतोड कधी झाली, हे गावातल्या मुकादमाला विचारलं तरी तारीख जुळते. आम्ही विचारतो.

सातारा जिल्ह्याचा नकाशा करणं अवघड का म्हणतात?

कारण इतक्या थोड्या अंतरात इतका फरक देशात फार कमी जिल्ह्यांत आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हसवडला पाचशेच्या आसपास. मधलं हवाई अंतर सव्वाशे किलोमीटर. पश्चिमेला जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांचं सदाहरित पण खुरटं जंगल. घाट उतरून कोयनेच्या खोऱ्यात आलं की उंच झाडी, उतारावर कारवी, आणि डोंगरमाथ्यावर जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट उघडे कातळ. वाई-कोरेगावकडे पानगळीची झाडं, शेतं आणि बोडके डोंगर. वर्धनगड ओलांडून पुसेगावच्या पुढे गेलात की काटेरी झुडपं आणि गवत. शिखर शिंगणापूरच्या महादेव डोंगररांगेपर्यंत हाच नूर.

त्यामुळे एकच नियम सगळीकडे लावला की कुठेतरी हमखास फसतो. मार्चमध्ये जे हिरवं ते जंगल, असं म्हटलं तर महाबळेश्वर बरोबर येतं, पण माणमधल्या डाळिंबाच्या बागा जंगलात जातात आणि जावळीतलं पानगळीचं जंगल बाद होतं. उंची, उतार आणि पाऊस हेही गणितात घ्यावे लागतात. डोंगराच्या सावलीचा वेगळाच त्रास. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, उत्तरेकडचे कडे फोटोत काळे पडतात आणि संगणक त्यांना पाणी म्हणून मोकळा होतो. प्रतापगडाच्या बाजूच्या दऱ्यांत अशी ‘तळी’ आम्ही बरीच पुसली आहेत.

आमच्या माळाला नकाशात ‘पडीक’ का लिहिलंय?

हा प्रश्न दहिवडीलाही येतो, आटपाडीलाही आणि जतलाही. विचारणारा बहुधा मेंढपाळ असतो.

देशाच्या नकाशांची जी नावांची यादी आहे, तिच्यात दोन मोठी खाती वर्षानुवर्षं पक्की आहेत, जंगल आणि शेती. यांपैकी कशातच न बसणारी उघडी जमीन पडीक जमिनीच्या नकाशासंग्रहात जाऊन पडते. २०१९ च्या अशा संग्रहात देशाची १६.९६ टक्के जमीन पडीक दाखवली आहे. त्यात २३ प्रकार आहेत. खारवट, खाणीची, घळी पडलेली जमीन त्यांत आहे, तशीच झुडपी जमीन आणि खालावलेली कुरणंही आहेत. माणदेशाचा माळ यातल्याच कुठल्यातरी रकान्यात बसवला जातो.

जागेवर काय दिसतं ते सांगतो. म्हसवडच्या अलीकडे रस्ता सोडून माळावर चढलात की आधी मुरूम, मग गुडघ्याइतकं कुसळी गवत. पवन्या आणि मारवेल जिथे माती थोडी जास्त तिथे. मध्ये तरवडाची पिवळी फुलं, हिवराची एखादी छत्री, बोरीची जाळी. पायाखालून चंडोल उडतो, लांब धाविक पळताना दिसतो. लांडग्याची विष्ठा वाटेवरच सापडते आणि तिच्यात मेंढराची लोकर. लांडगा, खोकड, चिंकारा ही इथलीच जनावरं, दाट झाडीत त्यांचं काय काम? माळढोकही याच प्रकारच्या माळाचा पक्षी. माडग्याळची मेंढरं आणि आटपाडीची खिलार याच गवतावर घडलेली आहेत. फलटण-माणकडचे धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात ते याच गवतासाठी. एवढं सगळं जिथे चालतं, त्या जमिनीला पडीक म्हणणं ही निव्वळ हिशेबाची सोय आहे.

‘पूर्वी इथे जंगलच होतं, ते तोडलं म्हणून माळ झाला,’ असं शाळेत शिकवतात. काही डोंगरांबाबत ते खरं असेल, पण सरसकट नाही. उष्ण हवामानातली गवतं भारतीय उपखंडात सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीच पसरायला लागली होती, म्हणजे कुऱ्हाड हातात घेणारा माणूस यायच्या कितीतरी आधी. अलीकडे अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्राविषयीच्या जुन्या मराठी ओव्या आणि कथांमधल्या वनस्पतींची नोंद काढली, तेव्हा तिच्यातही उघड्या माळावर वाढणाऱ्या झाडाझुडपांचाच भरणा निघाला.

सुदैवाने नकाशेही बदलू लागलेत. २०२२ मध्ये एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या संशोधकांनी देशातल्या निमकोरड्या उघड्या नैसर्गिक परिसंस्थांचा (परिसंस्था म्हणजे माती, पाणी, वनस्पती आणि जीवजंतू यांची मिळून बनलेली व्यवस्था) वेगळा नकाशा प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबाने देशाची जवळजवळ दहा टक्के जमीन या प्रकारची आहे आणि तिच्यातली पाच टक्क्यांहून कमी संरक्षित क्षेत्रांत येते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांची पूर्व बाजू त्या नकाशात जागोजाग दिसते.

नाव बदलल्याने काय फरक पडतो? नकाशाच तर आहे.

पडीक लिहिलं की ती जमीन रिकामी समजली जाते. मग वृक्षारोपणाचं उद्दिष्ट तिथे, सौर प्रकल्प तिथे, औद्योगिक वसाहत तिथे. पवनचक्क्या किंवा सौर ऊर्जा नकोत असं कुणी म्हणत नाही. वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पवनचक्क्या साताऱ्याने पाहिल्याच आहेत. पण जागा ठरवताना तिथे काय आहे हे तरी नकाशाने खरं सांगावं.

माळावर झाडं लावली तर बिघडलं कुठे?

कुठे लावता त्यावर आहे. मुरमाड माळावर जेसीबीने चर काढून गिरीपुष्पाच्या रांगा लावल्या, की पहिली गोष्ट म्हणजे चरांत गवताची मुळं उखडली जातात. गवताळ जमिनीचा बहुतेक कार्बन मातीत आणि मुळांत असतो, तोच उघडा पडतो. गिरीपुष्पाचा पाला मेंढरं फारशी खात नाहीत. मग चराई उरलेल्या माळावर सरकते आणि तो अधिक झिजतो. नकाशात मात्र पाच-सात वर्षांनी त्याच जागी ‘विरळ वन’ येतं आणि ती वाढ म्हणून मोजली जाते.

दुसरी बाजूही आहे. कडेगावच्या देवराष्ट्रेजवळचं सागरेश्वर अभयारण्य माणसांनी उभं केलेलं वन आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. उघड्या पडलेल्या डोंगरावर झाडं जगवली आणि १९८५ मध्ये १०.८७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. आज तिथे चितळ आणि सांबर आहेत. ते काम कमी लेखायचं कारण नाही. पण सागरेश्वर जमलं म्हणून जतचा प्रत्येक माळ तसाच करायचा, हा निष्कर्ष मला पटत नाही.

कास पठार नकाशात काय म्हणून येतं?

फोटो कोणत्या महिन्यातला, त्यावर! मे महिन्यात कास म्हणजे उघडा जांभा. संगणकाला तो खडक किंवा नापीक जमीन वाटतो. जुलैत त्याच सपाटीवर पाणी साचतं, तेव्हा पाणथळ. सप्टेंबरात सीतेची आसवं, गेंद, तेरडा फुलला की गवताळ. एका जागेची वर्षात तीन नावं.

खरं तर ती स्वतंत्र परिसंस्था आहे. जांभ्यावर बोटभर माती, चार महिने पाणी, आठ महिने तापलेला दगड, आणि एवढ्यातच उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या वनस्पती. सातारी वायतुरा हा त्यातलाच. साडेआठशे प्रकारच्या सपुष्प वनस्पती इथे नोंदल्या आहेत. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा ठरवलं. त्यात महाराष्ट्रातली चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. झाडांच्या सावलीवर मोजलं असतं तर कास यादीच्या जवळपासही आलं नसतं.

चांदोलीतल्या सड्यांचंही तसंच. तिथली गावं उठून गेली, त्यांच्या जुन्या शेतांवर आज गवत आहे आणि गवे तिथेच चरायला येतात. व्याघ्र प्रकल्पात आहे म्हणून सगळं झाडीनेच भरलेलं असलं पाहिजे, हा हट्ट तिथेही चालत नाही.

देवराई दिसते का?

मोठी असली तर. पाच-दहा गुंठ्यांची देवराई वन सर्वेक्षणाच्या नकाशात येत नाही, कारण एक हेक्टरची अट. दहा मीटरच्या फोटोत ती ठिपक्यासारखी दिसते, पण ‘झाडं’ यापलीकडे नाव मिळत नाही. देवराया गावकऱ्यांकडून हाताने नोंदवाव्या लागतात.

माझी बाग नकाशात जंगल दिसते. वनखातं जमीन घेईल का?

नुसत्या उपग्रह नकाशावरून नाही. वनाच्छादन आणि कायद्याचं वन वेगळं. भारतीय वन अधिनियम १९२७ खाली अधिसूचना निघते, ती महसूल नोंदीत येते. महाराष्ट्रात १९७५ चा खाजगी वन संपादन कायदाही आहे, त्यामुळे जुन्या डोंगरी जमिनी असतील तर सातबाऱ्याचा इतर हक्कांचा रकाना आणि जुने फेरफार पाहून घ्या. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन निकालात सर्वोच्च न्यायालयाने वन म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते, असं धरलं आणि मालकी कुणाचीही असो, असं म्हटलं. म्हणून शंका असेल तर तलाठ्याकडे आणि वन परिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारा. मोबाइलवरच्या हिरव्या रंगावरून घाबरू नका आणि त्याच्याच जोरावर भांडूही नका.

नकाशाचा कायद्यावर परिणाम होत नाही असं मात्र नाही. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचं पाहा. २०१३ च्या कस्तुरीरंगन समितीने उपग्रह चित्रांवरूनच घाटाची नैसर्गिक आणि मानवी वापराची अशी विभागणी केली, आणि ज्या गावाचं २० टक्के किंवा अधिक क्षेत्र संवेदनशील, ते अख्खं गाव यादीत घेतलं. ३१ जुलै २०२४ ला त्याची सहावी मसुदा अधिसूचना निघाली. पाटण-जावळीतल्या गावांत यावरून जे वाद झाले, त्यांत निम्मे तरी ‘आमचं रान जंगल कसं दाखवलं’ असेच होते.

नकाशा कितपत खरा असतो?

‘वर्ल्डकव्हर’चा २०२१ चा नकाशा जगभरात सरासरी ७६.७ टक्के बरोबर आहे, हे बनवणाऱ्यांनीच सांगितलंय. म्हणजे चारातला एक चौकोन चुकीचा. एवढ्यावरून त्याला नावं ठेवू नयेत, कारण संपूर्ण जग एका मापाने मोजायचं म्हटल्यावर ते चांगलंच आहे. तालुक्याच्या कामाला मात्र तसाच उचलू नये.

सरासरीचा आकडा फसवाही असतो. समजा शंभर ठिकाणं तपासली. ऐंशी शेतं, पंधरा जंगलं, पाच माळ. शेतं आणि जंगलं सगळी बरोबर, माळ पाचही चुकीचे. अचूकता ९५ टक्के आणि माळाच्या बाबतीत शून्य. म्हणून प्रत्येक प्रकाराचा वेगळा तक्ता मागायचा : कशाला काय समजलं गेलं. तो तक्ता नसलेला नकाशा आम्ही वापरत नाही.

जागेवर जाऊन नेमकं काय लिहायचं?

मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्या आणि चौकोनाच्या मध्याजवळ उभे राहा, बांधावर नको. चार दिशांचे चार फोटो आणि एक पायाखालचा. झाडांची सावली किती टक्के, झुडपं किती, गवत किती, उघडी जमीन किती, हे अंदाजाने. ठळक दोन-तीन झाडांची स्थानिक नावं. तारीख हवीच. जनावरं चरताहेत का, वणव्याच्या खुणा आहेत का. आणि शेजारच्या रानात कुणी असेल तर दोन प्रश्न : इथे दहा वर्षांपूर्वी काय होतं, आणि उन्हाळ्यात हे कसं दिसतं?

या दोन प्रश्नांनी जेवढे चौकोन दुरुस्त होतात, तेवढे महागड्या संगणकाने होत नाहीत. खटावमध्ये एका ठिकाणी नकाशात ठळक ‘पाणथळ’ येत होती. शेळ्या राखणाऱ्या आजींनी सांगितलं, ‘कॅनॉलचा पाझर हाय त्यो, पाणी सोडलं की भरतंय.’

जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवून जंगल वाढलं की घटलं सांगता येईल का?

जपून. चाळणीची भोकं बदलली की वर राहणारा मालही बदलतो. सुरुवातीच्या वन अहवालांत फोटोतला चौकोन ८० मीटरचा होता, आणि चारशे हेक्टरांहून लहान तुकडा नकाशावर येतच नव्हता. आज एक हेक्टरचा तुकडा धरतात. त्यामुळे १९८७ ची आकडेवारी आजच्या शेजारी ठेवून केलेली वजाबाकी निरर्थक आहे. एकाच संस्थेचे, एकाच पद्धतीचे, त्याच महिन्यातले नकाशे घ्या. शेतीतला बदल मात्र डोळ्यांनीही कळतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ आणि उरमोडीचं पाणी जसजसं पुढे सरकलं, तसा पूर्वेकडचा तपकिरी पट्टा उन्हाळ्यातही हिरवा होत गेला. त्यातला काही माळ होता, काही जिराईत, हे जुने फोटो पाहिल्याशिवाय ठरत नाही.

पावसाळ्यात ढगांचं काय करता?

रडार वापरतात. सेंटिनेल-१ ढगांतून पाहतो, रात्रीही. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा नासा-इस्रोचा उपग्रह लांब लहरींचं रडार वापरतो. त्या लहरी पानांच्या थरातून आत शिरतात, त्यामुळे फांद्या-खोडांचा अंदाज येतो. ऊस आणि झाड यांतला फरक करायला त्याचा उपयोग होईल, अशी मला आशा आहे.

‘परिसंस्थेचा नकाशा’ म्हणतात तो आणखी वेगळा असतो का?

असतो. आच्छादनाच्या नकाशात महाबळेश्वरचं जंगल आणि सुबाभळीची लागवड दोन्ही ‘झाडं’. परिसंस्थेच्या नकाशात ती वेगळी हवीत, कारण माती, पाणी, आग, चराई आणि जीवजंतू यांचं चक्र वेगळं. चॅम्पियन आणि सेठ या वनअभ्यासकांनी १९६८ मध्ये भारतातल्या वनांचे १६ मोठे गट पाडले, ते वनखातं आजही वापरतं. २०१५ मध्ये उपग्रहांवरून देशाचा शंभर प्रकारांचा वनस्पती नकाशा झाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२० मध्ये जगभरच्या परिसंस्थांची सहा पातळ्यांची वर्गवारी केली. तिच्यात गवताळ प्रदेश आणि सॅव्हाना (विरळ झाडांचे गवताळ माळ) यांना जंगलाच्या बरोबरीचं स्वतंत्र स्थान आहे. संयुक्त राष्ट्रांनी मार्च २०२१ मध्ये परिसंस्थांचे हिशेब ठेवण्याची पद्धतही मान्य केली, म्हणजे उद्या देशाच्या खतावणीत माळाची वेगळी नोंद करावी लागेल.

हे सगळं फुकट कुठे पाहायला मिळेल?

इस्रोच्या ‘भुवन’वर भारतातले भूवापर आणि पडीक जमिनीचे नकाशे आहेत. सेंटिनेलचे फोटो युरोपच्या कोपर्निकस संकेतस्थळावर, लँडसॅट अमेरिकेच्या. नकाशे एकमेकांवर ठेवून पाहायला ‘क्यूजीआयएस’ हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. वणव्याचे इशारे हवे असतील तर वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवा, मोबाइलवर संदेश येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जावळी-पाटणच्या लोकांनी हे करावंच.

आमच्या गावाला यात काय करता येईल?

प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तशी २००२ च्या कायद्यात तरतूद आहे. पुष्कळ गावांत ती वही एकदा भरून कपाटात गेलीय. ती बाहेर काढा आणि तिला गावाचा नकाशा जोडा. गायरान, माळ, देवराई, पाणवठे, धनगरांच्या वाड्यांचे तळ गट नंबरासह दाखवा. सप्टेंबर आणि एप्रिल, दोन्ही महिन्यांतले फोटो लावा, म्हणजे ‘इथे तर काहीच नाही’ असं कुणी म्हणू शकणार नाही. ग्रामसभेत ठराव घेऊन एक प्रत तहसील कार्यालयात आणि एक वनखात्याला द्या, पोहोच घ्या. पुढे एखाद्या प्रकल्पासाठी तो गट ‘पडीक’ म्हणून पुढे आलाच, तर हरकत नोंदवायला ही पोहोच लागते. ती झेरॉक्स काढून ठेवा.